‘खान्देशात कसला रिसर्च?’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

नवी बॅच आली की धुळे, जळगाव, नंदुरबारच्या मेडिकल ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच. रिसर्च हे मुंबई-पुण्याच्या पोरांचं काम, आपल्या सिव्हिलला ना लॅब ना मशीन. नीट पीजीला, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेशपरीक्षेला, त्याचा एक मार्क मिळत नाही. केस रिपोर्टला, म्हणजे एकाच पेशंटवरच्या लेखाला, कुणी रिसर्च म्हणत नाही. एथिक्सची, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला मान्यता देणाऱ्या कमिटीची, परवानगी मागाहून घेता येते. आणि तरीही सीव्हीवर पेपर हवाच असेल तर काही हजार भरा, आठवड्यात छापून मिळेल. मी पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवते, त्यामुळे हा मेसेज दाखवून ‘मॅडम, खरंय का हे?’ विचारणारी पोरं माझ्याच टेबलापाशी येतात. यातलं एक विधान खरं आहे, ते आधी उरकते.

नीट पीजीचं खरं आहे. सीट रँकवर मिळते, पेपर किती छापले हे कुणी विचारत नाही. म्हणून फायनल इयरला, परीक्षा तोंडावर असताना, रिसर्चच्या नादी लागू नका असं मीच सांगते. पण त्यावरून ‘वेळ वाया’ हा निष्कर्ष निघत नाही. एमडी-एमएसला थीसिस चुकत नाही, आणि सॅम्पल साइज म्हणजे काय, अभ्यासाला किती माणसं लागतात, हे तिथे पहिल्यांदा शोधणाऱ्या रेसिडेंटचे हाल मी रोज बघते. त्याचं सूत्र, फोर पीक्यू भागिले एल स्क्वेअर (पी म्हणजे टक्केवारीतलं प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून उरलेलं, एल म्हणजे चालणारी चूक), तोंडी परीक्षेपुरतं सगळ्यांना पाठ असतं. प्रमाण ५० टक्के धरलं आणि १० टक्के चूक चालणार असेल तर १०० माणसं लागतात, ५ टक्केच चालणार असेल तर ४००, हा हिशेब मात्र फार थोड्यांनी स्वतः करून बघितलेला असतो. अमेरिकेला जायचं असेल तर गणित आणखी वेगळं: तिथल्या डॉक्टरकीच्या परवान्याची पहिली परीक्षा, स्टेप वन, जानेवारी २०२२ पासून नुसती पास-फेल झाली, तेव्हा बाकीच्या गोष्टींचं वजन आपसूक वाढलं.

आता लॅबचं रडगाणं. जूनमध्ये पेरणी लागली की कॅज्युअल्टीत सर्पदंश यायला लागतात. त्यांचे केसपेपर काढून बघा. साप चावला किती वाजता? किती ठिकाणी हा रकाना रिकामा आहे? अँटिस्नेक व्हेनम, म्हणजे सर्पविषावरचा उतारा, देण्याआधी रक्त गोठतं का हे बघणारी २० मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट केली होती का, आणि केली तर वेळ लिहिली आहे का? या टेस्टला लागते एक स्वच्छ, कोरडी काचेची ट्यूब, दोन मिली रक्त आणि घड्याळ. ट्यूब हलवायची नाही, वीस मिनिटांनी एकदाच तिरपी करून बघायची. काचेऐवजी प्लास्टिकची बाटली घेतली तर चांगलं रक्तही वेळेत गोठत नाही, आणि घोणस-फुरशाचं विष नसताना आहे असं वाटतं. आपल्या वॉर्डात कोणती ट्यूब वापरतात, एवढं तपासलं तरी एक नीट ऑडिट, म्हणजे कामाची पडताळणी, उभं राहतं. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. केसपेपरवर वेळच नसेल तर काय कमी झालं हे मोजणार कसं? या प्रश्नाला कुठलंही मशीन लागत नाही.

नंदुरबारला असाल तर सिकल सेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, दारात आहे. १ जुलै २०२३ ला त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, उद्दिष्ट २०४७ चं. आश्रमशाळांत सोल्युबिलिटी टेस्ट या प्राथमिक रक्तचाचणीने मुलं तपासली जातात. पण ती टेस्ट वाहक कोण आणि आजारी कोण हे सांगत नाही, त्यासाठी पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी लागते. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी कितीजण त्या दुसऱ्या तपासणीपर्यंत पोचले? मध्येच कुठे गळाले? हा प्रश्न अक्कलकुवा-धडगावच्या रस्त्यांवर एसटीने फिरलेल्यालाच सुचेल, मुंबईच्या पोराला नाही. कपाशीवर फवारणी करून चक्कर आलेले मजूर, मे महिन्यात भुसावळकडून येणारे उष्माघाताचे पेशंट, सुपारी-गुटख्याने तोंड उघडेनासं झालेली विशीतली पोरं… यादी लांबवत नाही, तुमच्या ओपीडीत रोज दिसते. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून जो अभ्यास केला, तो महाडसारख्या ग्रामीण भागातल्या पेशंटवर. १९८६ मध्ये तो लॅन्सेट या नामांकित ब्रिटिश जर्नलने छापला. त्यांच्याकडे कुठलं मशीन होतं?

केस रिपोर्टला नाक मुरडणाऱ्यांना सिकल सेलचीच गोष्ट पुरे. शिकागोत १९०४ साली अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या इंटर्नने, ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका तरुणाचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि त्यातल्या वेड्यावाकड्या, लांबट पेशी नोंदवून ठेवल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्या एका पेशंटवर लेख छापला. आधुनिक वैद्यकातलं या आजाराचं पहिलं वर्णन ते हेच. (लेखक म्हणून नाव एकट्या हेरिक यांचं. इंटर्नची तक्रार आजचीच नाही!) मात्र नुसता ‘दुर्मीळ गाठ’ म्हणून फोटो पाठवला की केस रिपोर्ट होत नाही. या पेशंटने मला काय शिकवलं, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. केस रिपोर्टमध्ये काय काय हवं याची २०१३ ची केअर चेकलिस्ट फुकट मिळते, ती समोर ठेवून लिहा.

पैसे भरून पेपर. याच्यावर सविस्तर बोलायला हवं, कारण बहुतेक पोरं इथेच फसतात. त्या मेसेजच्या शेवटी एक मोबाइल नंबर असतो, तो बघितलात ना? म्हणजे सल्ला देणारा आणि दुकानदार एकच. तो दोन माल विकतो. एक, कुणीतरी लिहिलेल्या पेपरवर तुमचं नाव. दुसरा, तुमचाच पेपर ‘इंटरनॅशनल’ जर्नलमध्ये छापून देणं.

पहिल्या मालाबद्दल: लेखक कोण याचे आयसीएमजेईचे, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, चार निकष आहेत. कल्पनेत किंवा डेटात खरा हातभार, लिहिण्यात किंवा मजकुरात मोलाची दुरुस्ती, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि पेपरातल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी. चारही लागतात. चौथा निकष पोरं विसरतात. उद्या तो डेटा बनावट निघाला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, आणि तो पेपर तर तुम्ही वाचलेलासुद्धा नसतो. बनावट डेटा ओळखणं अवघड नसतं बरं का. दोनशे लोकांचं बीपी, आणि सगळ्यांचं १२०, १३०, १४० असं शून्यावर संपतं? घरी बसून भरलंय.

दुसऱ्या मालाची ओळख सोपी आहे. ‘आदरणीय डॉक्टर’ म्हणून तुम्हाला, सेकंड इयरच्या पोराला, ईमेल येतो. दोन दिवसांत पेपर स्वीकारला जातो, रिव्ह्यूअरची, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाची, एकही शंका नाही. वेबसाइटवर इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलचे लेख किती उद्धृत होतात याचा आकडा, ठळक, पण तो क्लॅरिव्हेट या अधिकृत कंपनीचा नसून ‘ग्लोबल’ किंवा ‘युनिव्हर्सल’ असलं काहीतरी नाव लावलेला. आयएसएसएन नंबर दाखवतात. तो मासिकाचा नुसता ओळखक्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे. गुगल स्कॉलरवर दिसणं म्हणजेही काही निवड नव्हे. ‘पबमेड इंडेक्स्ड’ (पबमेड ही वैद्यकीय लेखांची सूची) लिहिलं असेल तर वेबसाइटवरच्या लोगोवर विश्वास न ठेवता एनएलएमच्या, म्हणजे पबमेड चालवणाऱ्या अमेरिकी ग्रंथालयाच्या, कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव स्वतः टाकून बघा. नामांकित जर्नलची हुबेहूब नकली वेबसाइटही असते, म्हणून ईमेलमधल्या लिंकवरून कधी जाऊ नका.

फी घेतं म्हणजे जर्नल खोटंच, असंही नाही. चांगली ओपन ॲक्सेस, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारी, जर्नलंही घेतात, काहींत सवलतीची सोय असते. प्रश्न आहे तो पैशाच्या मोबदल्यात खरा रिव्ह्यू होतो की नाही याचा. आणि फुकट छापणारीही आहेत: आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च १९१३ पासून निघतंय. तिथून नकार आला तरी सोबत रिव्ह्यूअरच्या शंका आल्या तर त्या पैसे देऊन मिळणाऱ्या सर्टिफिकेटपेक्षा कामाच्या. उलट भुरट्या जर्नलमध्ये एकदा छापलं की तोच डेटा दुसरीकडे देता येत नाही. कष्टाने गोळा केलेलं काम कायमचं पाण्यात.

एथिक्सची परवानगी मागाहून घेता येते, हे साफ खोटं. काम झाल्यावर परवानगी देणं एथिक्स कमिटीच्या हातातच नाही. जुन्या केसपेपरांचा अभ्यास असेल तर पेशंटच्या संमतीतून सूट मिळू शकते, पण ती देणार कमिटी, तुम्ही नव्हे. सातव्या वर्षापासून पुढच्या मुलांची पालकांबरोबर स्वतःची होकारार्थी तयारीही लागते, आश्रमशाळेत काम करणाऱ्यांनी हे आधी वाचावं. ‘सदर अभ्यासातील आपला सहभाग ऐच्छिक आहे’ असलं छापील मराठी धडगावच्या पावरी बोलणाऱ्या आईला वाचून दाखवलं, तिने मान डोलावली, अंगठा घेतला: याला संमती म्हणत नाहीत. तिच्या बोलीत समजावणारं माणूस हवं, आणि वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. तुमच्या बॅचमध्ये पावरी, भिली किंवा अहिराणी बोलणारं कुणीतरी असतंच. त्याला नुसतं दुभाष्या करू नका, टीममध्ये घ्या.

राहिला गाईड, म्हणजे मार्गदर्शन करणारा शिक्षक. ‘सर, मला रिसर्च करायचाय’ एवढंच म्हणत गेलात तर कुणीही वाटेला लावेल. एका पानावर लिहून न्या: प्रश्न काय, कोणावर, किती जणांवर, कसं मोजणार, किती दिवस. आयसीएमआरची एसटीएस, म्हणजे शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, एमबीबीएस-बीडीएसच्या पोरांसाठीच आहे. काम दोन महिन्यांचं, आणि रिपोर्ट मान्य झाला की मानधन. प्रपोजलला वेळ फार मिळत नाही, म्हणून जाहिरात निघायच्या आधी ते पान तयार असलेलं बरं. मेडिसिनच्या सरांना ओपीडीतून मान वर करायला फुरसत नसेल तर मायक्रोबायोलॉजीत जा. कल्चर-सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे जंतू वाढवून त्यांच्यावर औषध चालतं का बघणाऱ्या तपासणीची, रजिस्टरं तिथे वर्षानुवर्षं कपाटात पडून असतात. कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालेनासं झालं हे त्यांतून काढायला एक्सेल पुरतं, आणि विचारायला तिथे फारसं कुणी फिरकत नाही.