काळा पडलेला पार्ट बदलला की बोर्ड सुरू होतोच असं नाही

‘बोर्डवर काळा पडलेला पार्ट शोधा, त्याच्यावरचे पट्टे किंवा नंबर वाचा, तसाच दुसरा आणून लावा. नंबर पुसला असेल तर त्याच आकाराचा घ्या. दहा मिनिटांत बोर्ड सुरू.’ असा इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्तीचा एक मेसेज व्हिडिओसकट सगळीकडे फिरतोय. त्यावर विसंबून केलेले उद्योग माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येतात, म्हणून हे लिहितो आहे.

जळालेला पार्ट गेला, हे खरं. पण बिघाड त्याच्यापासून सुरू झाला असं नसतं. गेल्या महिन्यात इलेक्ट्रिक सायकलचा चार्जर आला. मालकाने करपलेला रेझिस्टर (करंटला अडवणारा पार्ट) बदलला होता आणि प्लग लावताक्षणी नवाही फुटला. शेजारचा मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा तीन पायांचा पार्ट, दिसायला नवाकोरा. मीटर लावला तर तिन्ही पाय एकमेकांत शॉर्ट. त्यामुळे चार्ज साठवणाऱ्या मोठ्या कॅपॅसिटरवरचे ३२५ व्होल्ट सरळ त्या रेझिस्टरवर आले होते. मॉसफेटला हुकूम मिळतो त्या पायाच्या, म्हणजे गेटच्या वाटेने त्याला चालवणारा ३८४२ आयसीही गेला होता, त्यावरही डाग नाही.

आता पट्टे वाचण्याचं. रेझिस्टर किती ओमचा ते त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतं. तो रेझिस्टर मुळात ०.३३ ओमचा होता : नारिंगी, नारिंगी, चंदेरी, म्हणजे ३ आणि ३, भागिले शंभर. चंदेरी पट्टा करपून काळा झाला आणि मालकाने तो काळाच धरला, म्हणजे भागायचं काहीच नाही. झाले ३३ ओम, शंभरपट! या आयसीचा करंट मोजणारा पाय १ व्होल्टला पोचला की तो मॉसफेट बंद करतो. ०.३३ ओमवर हे ३ अँपिअरला होतं, ३३ ओमवर ३० मिलिअँपिअरलाच. म्हणजे बाकी सगळं नवं टाकलं असतं तरी तो चार्जर चालला नसता. लाल आणि नारिंगी पट्टेही तापले की तपकिरी दिसतात, तेव्हा करपलेल्या रंगावर भरवसा ठेवूच नका.

किलोओममधला रेझिस्टर मधोमध तुटला असेल तर वरचा रंग हलक्या हाताने खरवडा, दोन्ही टोकांपासून जळक्या जागेपर्यंत मोजा आणि बेरीज करा. खरी किंमत त्याहून थोडी जास्त निघते. ०.३३ ओमला हा उपाय चालत नाही, कारण मीटरच्या वायरीच ०.२ ओमच्या आसपास दाखवतात. त्याचा आकडा मी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चार्जरवर बघितला.

‘त्याच आकाराचा’ हा सल्ला तर धोक्याचा आहे. निळी चकती, वर ४७१. व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेजपासून वाचवणारा पार्ट) असेल तर ते ४७० व्होल्ट, सिरॅमिक कॅपॅसिटर असेल तर ४७० पिकोफॅराड, म्हणजे चार्ज साठवण्याची क्षमता. दुकानदारापुढे दोन्ही ठेवले तर लांबून जुळे वाटतील. बोर्डवर त्या जागी काय छापलंय आणि ती जागा फ्यूजनंतर लगेच दोन लाइनींच्या मध्ये आहे का, ते बघा.

पार्टखालचा बोर्ड कोळसा झाला असेल तर तो कोरून काढा, कोळशातून करंट वाहतो. आणि हात लावण्याआधी मोठा कॅपॅसिटर बल्बमधून रिकामा करा. प्लग काढला तरी त्यात जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो.

त्या चार्जरला मॉसफेट, आयसी, गेटचा रेझिस्टर आणि ०.३३ ओम असं सगळं एकदम बदललं. मग १०० वॅटचा फिलामेंट बल्ब सीरिजमध्ये, म्हणजे चार्जरकडे जाणाऱ्या एका वायरीच्या मध्येच लावून स्विच दाबला. शॉर्ट राहिला असता तर बल्ब लख्ख पेटून राहिला असता. तो एकदा चमकला आणि विझला.