रेपोत आपल्यावाचून पान हलू नये म्हणून

गिट, म्हणजे टीमचा सामाईक कोड (रेपो) आणि त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद सांभाळणारं सॉफ्टवेअर, हे हत्यार मुळातच चुकीच्या हेतूने घडवलेलं आहे. २००५ साली बिटकीपर या अशाच सॉफ्टवेअरचा फुकट परवाना गेला, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं (कर्नलचं) काम अडलं, आणि एप्रिलमध्ये लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सने थोड्याच दिवसांत गिट उभं केलं. हेतू काय, तर एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लोकांनी एकमेकांसाठी खोळंबून न राहता काम करावं. त्याच वर्षी जुलैमध्ये देखभाल जुनिओ हमानोंच्या हाती सोपवून हा गृहस्थ मोकळाही झाला. जेमतेम चार महिन्यांत स्वतःची गरज स्वतःच संपवली! अशा माणसाकडून अप्रेझलच्या दृष्टीने शिकण्यासारखं काही नाही. आपण रजेवर गेलो की टीमने आपल्याला फोन केलाच पाहिजे, हे ध्येय ठेवून गिट कसं वापरायचं, ते त्याच्या मॅन्युअलमध्ये सापडणार नाही.

सुरुवात कमिट मेसेजपासून, म्हणजे बदलाची नोंद (कमिट) करताना सोबत लिहायच्या ओळीपासून करावी. काय बदललं ते गिट ओळीओळीने दाखवतंच. का बदललं ते मात्र तुम्ही सांगाल तरच त्याला कळतं. तेव्हा सांगू नका. ‘फिक्स’, ‘चेंजेस’, ‘फायनल’ आणि दहा मिनिटांनी ‘फायनल २’, एवढं पुरे. समजा, बिलिंगच्या फायलीत ३१२व्या ओळीवर तुम्ही अट घातलीत की अमुक एका ग्राहकाच्या रकमेचं राउंडिंग करायचं नाही. कारण त्यांची सिस्टिम पैशांसकट रक्कम जुळवते आणि नाही जुळली की अख्खं बिल परत धाडते. हे एक वाक्य मेसेजमध्ये लिहिलंत, तर दोन वर्षांनी त्या ओळीवर ब्लेम (ओळ कोणी, कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणारी आज्ञा) चालवणारी ज्युनियर ते वाचेल आणि गुपचूप पुढच्या कामाला लागेल. ‘फिक्स’ लिहिलंत, तर तिला ती अट फालतू वाटेल, ती काढून टाकेल, महिनाअखेरीला बिलं परत येतील आणि फोन तुम्हालाच येईल. लीडने तिकीट नंबर (कामांची यादी ठेवणाऱ्या ट्रॅकरमधला त्या कामाचा क्रमांक) सक्तीचा केला असेल तर नुसता नंबर टाकावा. कंपनी कधी ना कधी ट्रॅकर बदलतेच. मग नंबर तेवढे उरतात.

कमिटचा आकारही महत्त्वाचा. बग दुरुस्त करायला बसलात की त्याच हाताने साठ फायलींचं फॉरमॅटिंग करावं, दोन फंक्शनची नावं बदलावीत, एक लायब्ररी अपग्रेड करावी आणि सगळं एकाच कमिटमध्ये ढकलावं. त्यातलं एक बिघडलं म्हणून कोणी कमिट उलटवू (रिव्हर्ट करू) पाहील, तर बाकीचं तीनही परत जाईल, म्हणजे रिव्हर्ट होणारच नाही. शिवाय गिटमध्ये बायसेक्ट नावाची एक चहाडखोर सोय आहे. चांगली आवृत्ती कोणती आणि बिघडलेली कोणती एवढं सांगितलं की मधल्या हजार कमिटांतून दर वेळी निम्मे वगळत ती दहाएक फेऱ्यांत नेमक्या कमिटवर बोट ठेवते. ठेवू द्या. बोट साठ फायलींवर पडलं तर शोधणाऱ्याच्या हाती काय लागणार? अधूनमधून बिल्डच न होणारे (ज्यांतून चालणारा प्रोग्रामच बनत नाही असे) कमिट पेरून ठेवले, तर ती बोटही नीट ठेवू शकत नाही.

फॉरमॅटिंगचा आणखी एक फायदा म्हणजे प्रत्येक ओळीवर तुमचं नाव लागतं. मात्र ते वेगळ्या कमिटमध्ये कदापि करू नये. २०१९च्या २.२३ आवृत्तीपासून ब्लेमला ‘हे कमिट सोडून दे’ असं सांगता येतं, त्यांची यादी एका फायलीत ठेवता येते आणि क्षणात सगळ्या ओळी मूळ मालकांच्या नावे परत जातात.

आता ब्रँच, म्हणजे मुख्य कोडपासून (मेनपासून) फोडलेली आपली वेगळी फांदी. नाव ‘टेस्ट२’ किंवा ‘नवीन’ ठेवावं. आयुष्य किमान तीन आठवडे. या काळात मेनमधले बदल रोज आपल्या ब्रँचमध्ये घेणारे लोक असतात. त्यांचे कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांनी केलेले वेगवेगळे बदल) दोन-चार ओळींचे निघतात आणि चहा गार व्हायच्या आत सुटतात. तुम्ही शेवटच्या दिवशी एकदम घ्या. मग प्रत्येक फायलीत सात-सात चिन्हांच्या त्या खुणा दिसतील: वर एक बाजू, मध्ये बरोबरच्या चिन्हांची रेघ, खाली दुसरी बाजू. एडिटर तिथे ‘दोन्ही ठेवा’ असं बटण देतो. ते दाबावं. कंस जुळले नाहीत तर कंपायलर ओरडेल, ते ठीक. खरी गंमत जुळले तर येते. वरच्या बाजूने दहा टक्के सवलत वजा केलेली, खालच्या बाजूनेही तीच सवलत थोड्या वेगळ्या पद्धतीने वजा केलेली; कोड निमूट चालतो आणि ग्राहकाला १०० रुपयांचा माल ९० ऐवजी ८१ला जातो. तक्रार कोणीच करत नाही.

रिबेसची गोष्ट याहून सरस. मर्ज करताना (दोन ब्रँच जोडताना) ‘अवर्स’ म्हणजे आपली बाजू आणि ‘देअर्स’ म्हणजे समोरची. रिबेसमध्ये हे बरोबर उलटं होतं, कारण रिबेस आधी मेनच्या टोकावर जाऊन उभं राहतं आणि तुमचे कमिट एकेक करून तिथे लावतं. त्या क्षणी ‘अवर्स’ म्हणजे मेन आणि ‘देअर्स’ म्हणजे खुद्द तुम्ही. हे ध्यानात न घेता आत्मविश्वासाने ‘अवर्स’ निवडत गेलात, तर जिथे जिथे कॉन्फ्लिक्ट आला तिथलं तीन आठवड्यांचं तुमचं काम उडतं. ते पुन्हा लिहायला एक स्प्रिंट (कामाचा ठरावीक टप्पा) मिळतो, वर ‘मर्ज फार अवघड होता’ अशी सहानुभूतीही. आणि कॉन्फ्लिक्ट आलाच नाही म्हणून कोणी हुरळून जाऊ नये. सहकाऱ्याने मेनमध्ये फंक्शनचं नाव बदललं, तुम्ही दुसऱ्या फायलीत जुन्या नावाने नवीन कॉल लिहिला, तर गिट दोन्ही मुकाट जोडतं. त्याला ओळी कळतात, अर्थ कळत नाही. मर्जनंतर टेस्ट चालवल्या असत्या तर हे लगेच दिसलं असतं, म्हणून त्या चालवू नका.

एवढं करून पुश (आपले कमिट सर्व्हरवर ढकलणं) नाकारला गेला तर फोर्स, म्हणजे जबरदस्तीचा पुश, आहेच. वेळ शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचची निवडावी. नंतर तासभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवत असल्याने फोन उचलणं बेकायदा ठरतं. फोर्स पुशने सर्व्हरवरची ब्रँच तुमच्या प्रतीसारखी होते. मध्यंतरी दुसऱ्या कोणी काही ढकललं असेल तर ते त्या ब्रँचवरून गायब. काही भित्रे लोक ‘फोर्स विथ लीज’ वापरतात: सर्व्हरवरची ब्रँच आपण शेवटची पाहिली होती तिथेच असेल तरच पुश होतो, नाहीतर अडतो. त्यावरही इलाज आहे. एडिटरमध्ये ऑटो-फेच चालू ठेवावं. ते पाठीमागे गुपचूप सर्व्हरवरचे बदल आणत (फेच करत) राहतं, त्यामुळे दुसऱ्याचे कमिट तुम्ही पाहिलेले नसले तरी गिटच्या हिशेबी पाहिलेले असतात आणि लीज बिनदिक्कत पुढे जाऊ देतं. मेनवर संरक्षण लावलेलं असेल तर ‘तात्पुरते’ ॲडमिन हक्क मागून घ्यावेत. ते परत घ्यायचं कुणाच्याही लक्षात राहत नाही.

डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल बिनधास्त कमिट करावी. कोणी बोललंच तर पुढच्या कमिटमध्ये ती डिलीट करून ‘काढली’ म्हणून सांगावं. ती इतिहासात राहते आणि प्रत्येकाच्या क्लोनमध्येही (रेपोच्या त्याच्याकडच्या पूर्ण प्रतीत). इग्नोरच्या यादीत नाव घालून तिचा मागोवा थांबत नाही, कारण ती यादी आधीपासून ट्रॅक होणाऱ्या फायलींना लागूच नाही. इंडेक्समधून (गिट ट्रॅक करत असलेल्या फायलींच्या यादीतून) वेगळी काढावी लागते. फिल्टर-रेपो या साधनाने सगळा इतिहास नव्याने लिहिता येतो, पण मग त्या जागेपासून पुढे प्रत्येक कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) बदलतो आणि अख्ख्या टीमला नवीन क्लोन घ्यावा लागतो. हा सोहळा जरूर करावा, दोन दिवस जातात. फक्त पासवर्ड बदलू नये. ते पाच मिनिटांचं काम आहे आणि आधी तेच केलं तर बाकी सगळ्यातली हवाच निघून जाते.

मोठ्या फायलींबाबत गिटहबची (रेपो ठेवायच्या वेबसाइटची) मर्यादा १०० एमबीची आहे. ५०च्या पुढे ते नुसतं कुरकुरतं. तेव्हा ९८ एमबीची झिप करावी आणि दर आठवड्याला नवी टाकावी. आतला थोडासाच मजकूर बदलला तरी झिपचे बाइट्स बहुतेक सगळेच बदलतात, त्यामुळे गिटला फरक तेवढा साठवून जागा वाचवता येत नाही. वर्षाला सुमारे पाच जीबी होतात. मग डिलीट केली तरी नव्या माणसाचा क्लोन उतरता उतरता त्याचा पहिला दिवस सरतो.

फायलींच्या नावात इंग्रजी अक्षरं हवी तशी लहान-मोठी (स्मॉल-कॅपिटल) करावीत: विंडोज आणि मॅक बहुधा चालवून घेतात, लिनक्सच्या सर्व्हरवर बिल्ड पडतो. ओळीच्या शेवटच्या अदृश्य चिन्हांचं भांडण ॲट्रिब्यूट्सच्या फायलीतल्या एका ओळीने मिटतं, म्हणून ती ओळ लिहू नये.

जुना कोड काढण्याचा मोह मात्र आवरा. गिटमध्ये तो कायम असतो, हवा तेव्हा परत आणता येतो, हे खरं. तरीही ‘लागला तर’ म्हणून राहू द्यावा. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने शेअर व्यवहारांच्या आठ सर्व्हरवर नवीन कोड चढवला. म्हणजे सातांवर चढला, आठवा राहिला, आणि दुसऱ्या कुणी तपासून पाहण्याची पद्धतच नव्हती. २००३पासून वापरात नसलेला एक भाग कोडमध्ये तसाच पडून होता, आणि त्याचाच जुना फ्लॅग (तो भाग चालू करणारी खूण) नव्या कामासाठी वापरला होता. आठव्या सर्व्हरवर तो फ्लॅग लागताच मेलेला कोड उठून ऑर्डरी टाकू लागला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. ‘राहू दे, काय खातोय?’ या प्रश्नाचं एवढं स्पष्ट उत्तर क्वचितच मिळतं.

आणि कधी निघायचं ठरलंच, तर आपल्याकडचा नोटिस पिरियड गिटला फार सोयीचा आहे. रिफ्लॉगमधल्या (ब्रँच कधी कुठे होती याच्या रोजनिशीतल्या) नोंदी एरवी ९० दिवस टिकतात, पण रिसेट (ब्रँच मागे नेणं) किंवा रिबेसमध्ये ब्रँचवरून सुटलेल्या कमिटांच्या नोंदींना ३०च दिवस मिळतात. त्यामुळे राजीनाम्याच्या दिवशी काय ते उडवलंत, तर हँडओव्हरच्या मीटिंगपर्यंत त्याचा ठावठिकाणा उरण्याची शक्यता कमीच. रिफ्लॉग आणि स्टॅश (अर्धवट काम बाजूला ठेवायचा कप्पा) दोन्ही फक्त तुमच्या लॅपटॉपवर असतात, पुशने कुठेही जात नाहीत. म्हणून अर्धवट राहिलेलं पेमेंटचं काम ब्रँचवर न ढकलता स्टॅशमध्येच ठेवा. नवीन फायली त्यात आपसूक जात नाहीत, वेगळं सांगावं लागतं. त्या तशाच फोल्डरमध्ये पडू द्या. शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा होतो आणि संध्याकाळपर्यंत फॉरमॅटही. चार्जर मात्र आठवणीने न्या, त्याची नोंद केल्याशिवाय आयटीवाले सही देत नाहीत.