बाण एकीकडे, बटण भलतीकडे

वर्डमध्ये स्क्रीनशॉटवर सुटे बाण चिकटवून मॅन्युअल पाठवणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार! चित्र ‘इन लाइन विथ टेक्स्ट’, म्हणजे अक्षरासारखं ओळीत बसवलेलं; बाणाचा अँकर, म्हणजे तो जिथे बांधलेला असतो ती जागा, मात्र वरच्या परिच्छेदात. तिथे दोन ओळी वाढल्या की चित्र खाली सरकतं, बाण जागचा हलत नाही. ‘डिलीट’चा बाण ‘सेव्ह’वर! अहो, इन्सर्टमध्ये शेप्सच्या यादीत अगदी तळाशी ‘न्यू ड्रॉइंग कॅनव्हास’ आहे, म्हणजे चित्रं-आकार एकत्र ठेवायची चौकट. चित्र, बाण सगळं त्यात टाका आणि अख्खा कॅनव्हास ओळीत बसवा. चित्र-बाण ग्रुप होत नाहीत, म्हणजे एकत्र बांधता येत नाहीत, म्हणून कुरकुर कसली? इनलाइन चित्र शेप्सबरोबर ग्रुप होतच नाही.

त्यात लेबलं चित्रातच छापून वर जेपेग, म्हणजे बारकावे गाळून फाइल लहान करणारा प्रकार! लाल अक्षरांभोवती नुसता चिखल. बारकावे न गाळणारा पीएनजी प्रकार ठेवा, चित्रावर फक्त १, २, ३ टाका, मजकूर खाली लिहा. भाषांतर करणारा तरी दुवा देईल.