आजोबा डिकीत

ऑफिसात एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता बाहेर काढला आणि त्या दिवसापासून 'कॉम्प्युटरमधला' ठरलो. बॅकअपचं लोढणं मग आपोआपच गळ्यात आलं.

पद्धत दोन टप्प्यांची: रात्री सर्व्हरवरचा डेटा आधी डिस्कवर, तिथून टेपवर, म्हणजे गाण्यांच्या कॅसेटसारख्या चुंबकी फितीवर. "मधे डिस्क कशाला? थेट टेपवर घाल की," असं साहेबांचं म्हणणं. एकदा ऐकलं मी. टेप ड्राइव्हला डेटा अखंड धारेने लागतो आणि आमचा सर्व्हर हजारो बारक्या फायली चिमटीचिमटीने वाढत होता. धार तुटली की ड्राइव्ह थांबतो, टेप मागे घेतो, पुन्हा वेग धरून पुढे निघतो. याला 'शू-शाइनिंग' म्हणतात, कारण टेप लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या हेडवरून बूट पॉलिशच्या फडक्यासारखी पुढे-मागे होते. खर्र... टक्. घूंऽऽ. खर्र... टक्. सकाळपर्यंत बॅकअप ११ टक्के झाला होता. पॉलिश माझंच झालं होतं.

दुसरी फसगत खोक्यावरच छापलेली. आमच्या टेपांची जात एलटीओ-६; तिच्या कार्ट्रिजवर, म्हणजे टेपच्या डबीवर, ठळक अक्षरांत ६.२५ टीबी (टेराबाइट). खरी जागा २.५, बाकीची, डेटा कॉम्प्रेस झाला, म्हणजे दाबून लहान झाला तर. आमचा डेटा म्हणजे स्कॅन केलेल्या पावत्या आणि फोटो, आधीच कॉम्प्रेस झालेले. पिळून वाळत घातलेला पंचा पुन्हा पिळून किती पाणी निघणार? शनिवारी टेप भरली आणि सॉफ्टवेअर रविवारभर 'दुसरी टेप घाला' म्हणत रिकाम्या ऑफिसात ताटकळत बसलं.

टेपा आलटून पालटून वापरायच्या पद्धतीला आजोबा-बाप-मुलगा म्हणतात, हे मला फार आवडतं. रोजच्या टेपा मुलगे, आठवड्याच्या बाप, महिनाअखेरच्या आजोबा. मुलांवर कुणीही काहीही लिहावं. आजोबांना हात लावायचा नाही. शिवाय आग लागली तर अख्खं कुटुंब एकाच कपाटात नको, म्हणून आजोबा साहेबांच्या घरी.

आणि एका दुपारी अकाउंट्सच्या मॅडम आल्या. "अरे, ती थकबाकीची शीट कोरीच उघडतेय."

डिस्कवर पाहिलं, कोरी. मुलगे कोरे. बाप कोरे. पाच आठवड्यांपूर्वी कुणीतरी सगळं सिलेक्ट करून पुसलं होतं आणि इमानदारीत सेव्ह केलं होतं. तितक्याच इमानदारीने आम्ही तो कोरेपणा दर आठवड्याला जपला होता. रोज सकाळी मेल यायचा: बॅकअप यशस्वी!

साहेबांना फोन केला. "आजोबा पाठवता का?"

"ती टेप होय? घरी नाहीये. डिकीत आहे."

ज्या वस्तूला थंड, कोरडी जागा लागते ती महिनाभर स्टेपनीला टेकून ऊन खात होती. आजोबा आले. ड्राइव्हने तोंडात घेतले आणि क्लीनिंगचा दिवा लावला. क्लीनिंग कार्ट्रिज घातली, काढली. मग कळलं की या टेपवरच्या फायलींची यादी मुदत संपली म्हणून सॉफ्टवेअरने केव्हाच टाकून दिलीये. म्हणजे आधी अख्खी टेप वाचा, नवी यादी करा, मग शीट शोधा. ८४६ मीटर टेप, आणि हवी होती ४० केबीची एक फाइल.

"टेपा अजून वापरतात?" मॅडमनी खुर्ची ओढत विचारलं. २०११ मध्ये जीमेलच्या काही खात्यांतली पत्रं गायब झाली तेव्हा गुगलने ती टेपवरूनच परत आणली, हे मी त्यांना जरा ऐटीत सांगितलं. ऐट तासाभरात उतरली. मॅडम दोनदा डोकावून गेल्या, तिसऱ्यांदा पर्स घेऊनच आल्या.

संध्याकाळी शीट उघडली. भरलेली! मॅडमनी चष्मा चढवला, खाली गेल्या, एका आकड्यावर बोट ठेवलं.

"हां. मला वाटलंच होतं तेवढाच असेल."

शीट बंद करायला गेल्या तर कॉम्प्युटरने विचारलं, बदल सेव्ह करायचे का? आता काय बदललं होतं देव जाणे. मॅडमचा माउस 'येस'कडे निघाला आणि मी टेबलाखाली हात घालून त्याची वायरच उपटली.