हॅश जुळला म्हणून बिनधास्त? अजिबात नाही

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपांतून फिरणारा तो मेसेज आता सासऱ्यांच्या फोनवर येऊन थडकलाय. अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या 'फुल व्हर्जन'ची फुकट लिंक आणि सोबत चार दावे. ते इन्स्टॉल करायच्या बेतात होते, म्हणून हा खटाटोप.

"एसएचए-२५६ हॅश खाली दिलाय. जुळला की बिनधास्त टाका, अँटीव्हायरस ओरडला तर बंद करा." हॅश म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा ठसा, अक्षर-आकड्यांची एक ओळ; एसएचए-२५६ ही तो काढायची एक पद्धत. अहो, ज्याने फाइल दिली त्यानेच हॅश दिलाय! आत व्हायरस कोंबून मग हॅश काढला असेल, तर तो जुळणारच. त्याने चढवलेली फाइल तुमच्याकडे जशीच्या तशी उतरली, विषासकट, एवढंच त्यातून कळतं. हॅश घ्यायचा तो मूळ कंपनीच्या साइटवरून. मग आपल्या फाइलचा हॅश काढून त्याच्याशी ताडायचा: विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा, त्यापुढे हॅशफाइलचा पर्याय, फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६. हे शेवटचं राहिलं तर ते एसएचए-१ या जुन्या पद्धतीचा हॅश काढतं, ६४ ऐवजी ४० अक्षरं येतात आणि माणूस उगाच घाबरतो. कंपनीने हॅश दिलाच नसेल तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' बघा. नुसता टॅब दिसून भागत नाही, डिटेल्समध्ये सही वैध आहे का ते वाचा. सही केलेल्या फाइलीत क्रॅकवाल्याने, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटणाऱ्याने, हात घातला की ती वैध राहत नाही.

"अमेरिकन सरकारच्या एनएसआरएल यादीत हॅश असला की व्हायरस नाही." ही यादी निस्ट ही संस्था ठेवते, ती तपासात जप्त डिस्कवरच्या विंडोज-ऑफिसच्या नेहमीच्या फाइली बाजूला काढता याव्यात म्हणून. यादीत हॅकिंगची साधनंही आहेत, हे निस्ट स्वतःच सांगते. फाइल माहितीतली आहे, इतकाच त्याचा अर्थ. पोलीस चौकीच्या फळ्यावर फोटो लागलेलाही माहितीतलाच असतो.

"नाव बदललं की हॅश बदलतो." नाही. तो आतल्या बाइट्सवरून निघतो. नाव, तारीख त्यात येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो मात्र दाबला जातो, तेव्हा बदलतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसाच राहतो.

"एमडी५ पुरेसा आहे." एमडी५ ही हॅश काढायची आणखी एक जुनी पद्धत. बरं, डाउनलोड अर्धवट तुटलं का हे पाहायला आहे पुरेसा. पण एकच एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात, हे २००४ मध्येच दिसलं. २०१७ मध्ये गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने एसएचए-१ चंही तेच करून दाखवलं, दोन पीडीएफ समोर ठेवून.

ज्यांनी आधीच टाकलंय त्यांनी आधी नेट तोडा, विंडोज सिक्युरिटीतलं ऑफलाइन स्कॅन चालवा, आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. त्याच मशीनवरून नको.