आज्जी मरते, टेक सात

दहावीची परीक्षा संपली आणि मी दिग्दर्शक झालो. साल २००६, गाव गडहिंग्लज. मामाचा हॅन्डीकॅम होता, शेजारच्या दादाचा कॉम्प्युटर होता, वहीत प्रेमकथा तयार होती. नायिका तेवढी नव्हती. वर्गातल्या एकीला धीर करून विचारलं, तर उत्तर तिच्या वडिलांनी दिलं, तेही आमच्या दारात येऊन.

फाळक्यांचीही हीच पंचाईत झालेली. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये साळुंके नावाच्या आचाऱ्याला लुगडं नेसवलं. मी पम्याला विचारलं. त्याला नुकतीच मिसरूड फुटली होती, ती भादरायला तो तयार होईना. मग प्रेमकथेची आजारी आज्जीची कथा झाली. आज्जी घरचीच होती.

तिला काम एकच: डोळे मिटून मरायचं. पहिल्या टेकला ती घोरायला लागली. दुसऱ्याला मेल्यावर पदर सारखा केला. चौथ्याला मी 'कट' म्हणायच्या आत "झालं व्हय रे?" सातव्याला मात्र अशी मेली, की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी! हॅन्डीकॅमचा माइक तर असा, की नटाचं बोलणं पुसट आणि गल्लीच्या टोकाचा भंगारवाला खणखणीत. आणखी एकदा म्हटलं, तर आज्जी उठून बसली. "आता मरीन ते एकदाच, देवाच्या मर्जीनं."

पुढे एडिटिंग. तासाभराची कॅसेट कॉम्प्युटरात उतरवायला तासच लागायचा, आणि ती १३ जीबी जागा खायची. दादाची हार्डडिस्क ४०ची, त्यात निम्मी गाणी. नऊ मिनिटांचा सिनेमा रेंडर व्हायला, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक फाइल बनायला, साडेतीन तास. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरातून कापून मी भिंतीला चिकटवलं होतं, पण लाइटनं ते वाचलेलं नसावं. एकदा ९३ टक्क्यांवर गेली, एकदा ९६वर. शेवटी रात्री दोनला उठून रेंडर लावलं आणि मॉनिटरला उदबत्ती ओवाळली. (दादा अजून तो वास निघत नाही म्हणतो.)

रविवारी टीव्हीला वायर जोडून प्रीमियर. अख्खं घर जमलेलं, मामाही आलेला. पडद्यावर आज्जीनं डोळे मिटले. खोलीत चिडीचूप. मामानं रुमाल काढला. शिट्टी झाली.

आई लगबगीनं उठली आणि गॅस बंद करायला आत गेली.