फोटोत उन्हाळा नव्हताच

नमस्कार. गिल एल्व्हग्रेन या अमेरिकी चित्रकाराच्या उन्हाळी पिन-अप चित्रांवर (म्हणजे कॅलेंडरांसाठी काढलेल्या मोहक तरुणींच्या चित्रांवर) तुमचे तीन आक्षेप आहेत: ती फोटोवरून गिरवलेली आहेत, त्यातली कातडी प्लास्टिकची वाटते, आणि बाई निव्वळ पुरुषांनी बघावी म्हणून उभी केली आहे. तिसरा आक्षेप बिनतोड. वाऱ्याने झगा उडणं वगैरे बहाणे कॅलेंडर खपवण्यासाठीच होते.

फोटोचं म्हणाल तर एल्व्हग्रेन (१९१४–१९८०) फोटो वापरायचा, हे जगजाहीर आहे. पण मॉडेल असायची स्टुडिओत, दिव्यांसमोर. ऊन तिथे नव्हतंच. ते ३० बाय २४ इंची कॅनव्हासवर रंगातून आणावं लागे. बरं, भर दुपारचं ऊन जसंच्या तसं रंगवलं तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. म्हणून चेहऱ्यावर मऊ उजेड ठेवायचा आणि उन्हाची जाणीव इतरत्र द्यायची: खांद्यावर पिवळसर ऊब, आकाशाकडे वळलेल्या छायेत निळसर छटा, हनुवटीखाली वाळूवरून उसळलेला नारिंगी उजेड. नक्कल करणारे इथेच फसतात. छायेत काळा घातला की त्वचा मळकट दिसते, उजेडात नुसता पांढरा चढवला की खडूसारखी. त्या पांढऱ्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि किंचित व्हर्मिलियन (शेंदरी लाल) लागतंच.

प्लास्टिकपणा येतो तो सगळ्या कडा मऊ ब्रशने सारख्याच घोटल्यामुळे. एल्व्हग्रेन शिकागोत हॅडन सन्डब्लॉमच्या (कोका-कोलाचा सांताक्लॉज रंगवणारा तोच) तालमीत तयार झाला. तिथली रीत ओल्या रंगावर ओला रंग चढवण्याची: उजेडाकडची कड धारदार, छायेकडची पार्श्वभूमीत विरलेली. त्याची पार्श्वभूमी मात्र कित्येकदा उरकल्यासारखी असते, हे खरं.

शिवाय तुम्ही बहुधा छापील प्रत पाहिली असणार. (आपल्याकडच्या दलाल-मुळगावकर या चित्रकारांनाही आपण बहुतेक छपाईतूनच ओळखतो.) चार रंगांच्या छपाईत त्वचेच्या नाजूक छटा एकसारख्या होतात. जुनं कॅलेंडर उन्हात राहिलं तर पिवळा आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) आधी उडतात, चित्र निळं पडतं. मूळ तैलचित्राचं उलट: वॉर्निश पिवळं पडून निळसर छाया हिरवट दिसते.

चांगली प्रत मिळाली तर जाड कागदाला पेन्सिलीएवढं भोक पाडा आणि त्यातून गालावरचा उजेड व हनुवटीखालची छाया आलटून पालटून बघा. छाया म्हणजे तोच रंग नुसता गडद केलेला असेल, तर तुमचं म्हणणं त्या चित्रापुरतं मान्य.